चौऱ्याऐंशी वाट्या मोड

तोंडात घास असताना बोलू नये, असं मला लहानपणी शिकवलं होतं. तोंडात घास असताना सभेला बसू नये, हे मात्र कोणी शिकवलं नाही. पुढचे तीन महिने जे झालं, त्याचं सगळं खापर मी माझ्या संस्कारांवर फोडतो.

आमची कंपनी नळ आणि तोट्या बनवते. मी तिथे आवक-जावक विभागात सव्वीस वर्षं आहे. आलेल्या कागदावर 'आवक' आणि गेलेल्या कागदावर 'जावक' असा शिक्का मारायचा, हे काम सोपं वाटतं. सव्वीस वर्षं मारून बघा म्हणजे कळेल. त्या दिवशी चार वाजता साहेबांनी अचानक सभा बोलावली, तेव्हा मी जिन्याखालच्या मावशींकडून घेतलेला तळणाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला होता. साहेब म्हणाले, "मुख्य कार्यालयाचं पत्र आलंय. सामाजिक जबाबदारीच्या रकान्यात यंदा आपल्याला काहीतरी भरावं लागेल."

गेल्या वर्षी आम्ही फाटकाजवळ एक झाड लावलं होतं. चौथ्या दिवशी कंपनीचाच ट्रक मागे घेताना ते गेलं. त्यामुळे या वर्षी मुख्य कार्यालयाने मुळात उभंच नसणारं काहीतरी सुचवलं होतं: कर्मचाऱ्यांचा चार वाजताचा खाऊ आरोग्याला चांगला आणि पर्यावरणाला निरुपद्रवी करावा. तळण बंद, पाकिटं बंद, प्लॅस्टिक बंद. त्यासाठी समिती नेमावी आणि समितीला अध्यक्ष असावा.

"कोण घेतंय?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी आपापल्या वह्यांत डोकी घातली. साहेबांची नजर माझ्यावर आली. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडणार तर आत घास, म्हणून नुसती मान हलवली. आमच्याकडे मान आडवी हलवली काय आणि उभी हलवली काय, साहेबांना हवी तशीच दिसते.

सभा संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "जूनमध्ये अधीक्षक निवृत्त होतायत. हे नीट पार पाडलंत तर तुमच्या नावाचं बघू."

इथे माझा कणा वाकला, हे कबूल करतो. अधीक्षकाची खुर्ची माझ्यासमोरून तीनदा गेली होती. एकदा तर मी कामाला शिकवलेला माणूस तिच्यावर बसून मलाच रजेचा अर्ज दुरुस्त करून आणायला सांगत होता. माझी निवृत्ती चार वर्षांवर आली होती. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं आणि माझ्या बायकोला माझ्या आधीपासून कळत होतं.

पहिलं काम वाईट होतं. जिन्याखाली एकोणीस वर्षं कढई ठेवून बसलेल्या मावशींना 'उद्यापासून आवारात तळण नको' हे सांगायचं होतं. मी 'आरोग्य', 'धोरण', 'तात्पुरतं' असे शब्द वापरत बराच वेळ बोललो.

मावशी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, म्हणजे मी उठायचं का?"

"तात्पुरतं, मावशी."

"एकोणीस वर्षंसुद्धा तात्पुरतीच होती म्हणायची," असं म्हणून त्यांनी झारा पुसून पिशवीत ठेवला. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता खायला काय द्यायचं, हा प्रश्न. मी घरी हा विषय काढला आणि चूक केली. आमच्या इमारतीत कोणाकडे शिडी मागितली तर मिळत नाही, पण सल्ला दारात आणून देतात. शेजारचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "मोड आलेले मूग! दुसरं नाव घेऊ नका. माझ्याकडे बघा." मी बघितलं. सत्तर वर्षांचा, सदा कोणावर तरी चिडलेला एक काटकुळा माणूस दिसला. वरच्या काकूंनी सांगितलं, की मोड यायला अंधार आणि ऊब लागते. माझ्या मेहुण्याने तर फोनवरूनच वाट्यांचा प्रश्न सोडवला. त्याच्या ओळखीचा एकजण कोंड्याच्या वाट्या बनवायचा. मूग खायचे आणि वर वाटीही खाऊन टाकायची. कचराच नाही!

"भावजी, तुम्ही इतिहास घडवणार," मेहुणा म्हणाला. माझ्या मेहुण्याने आजवर ज्याला ज्याला इतिहास घडवायला लावला, तो पुन्हा आमच्याकडे जेवायला आलेला नाही.

ऑफिसात अंधार भरपूर होता, ऊब नव्हती. त्यामुळे मूग भिजवायचे माझ्या घरी असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं आणि बायकोला दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेल्यावर कळलं. चार बादल्या, दोन टोप आणि तिच्या ठेवणीतल्या दोन पांढऱ्या चादरींची गाठोडी तिथे सुखाने ठिबकत होती.

"अहो," ती बाहेर येऊन म्हणाली, "आंघोळ कुठे करायची आता?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि चादरी?"

"सुती कापड लागतं गं. वरच्या काकू म्हणाल्या."

"मग काकूंच्या चादरी घ्यायच्या होत्या!" एवढं बोलून ती काकूंकडे आंघोळीला गेली. चौथ्या दिवशी तिथून आंघोळ करून आल्यावर मला म्हणाली, की अधीक्षक झालात की पहिल्या दिवशी दोन नव्या चादरी.

खरी गंमत फाटकावर झाली. कंपनीतून कुठलाही माल बाहेर न्यायचा तर परवाना लागतो. त्यावर 'परत येणारा माल' अशी खूण केली, की तो तितकाच परत यावा लागतो. मी भांडारातून दहा किलो कोरडे मूग नेले होते. परत आणले ते भरले बावीस किलो. वॉचमनने काटा दोनदा तपासला.

"साहेब, बारा किलो जास्त आहे."

"अरे बाबा, मूग भिजले की फुगतात."

"कमी आलं असतं तर सोडलं असतं हो. वाटेत सांडलं, असं लिहून घेतलं असतं. जास्त कसं सोडू? हे कोणाचं म्हणून लिहू?"

मी भांडारपालांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला. "हे बारा किलो आहे काय?"

"पाणी."

"मग पाण्याचं मागणीपत्र कुठे आहे?"

"पाणी माझ्या घरचं आहे!"

"म्हणजे खाजगी माल कंपनीच्या मालात मिसळलात," असं म्हणून त्यांनी लाल पेन उचललं. अखेर 'नैसर्गिक वाढ' असा एक नवा रकाना पाडायचं ठरलं. त्याला तीन सह्या लागत होत्या आणि तिसरी सही रजेवर होती. नऊ दिवसांनी मंजुरी आली, तोवर फाटकाजवळच्या खोलीत ठेवलेल्या मुगांना पानं फुटली होती. वॉचमन म्हणाला, "मी लावतो विल्हेवाट." मी त्याचे आभार मानले. काय विल्हेवाट लावणार, हे विचारायला हवं होतं, पण मी त्या दिवशी कोणालाही काहीही विचारायच्या मनःस्थितीत नव्हतो.

तर असं करत करत एका सोमवारी चार वाजता चौऱ्याऐंशी टेबलांवर चौऱ्याऐंशी वाट्या मोड गेले. चौऱ्याऐंशी म्हणजे साहेबांपासून शिपायापर्यंत आम्ही सगळे. वर लिंबू पिळलेलं. लिंबाने कोंड्याची वाटी बरोबर बारा मिनिटांत मऊ पडते, ही माहिती मेहुण्याने दिलेली नव्हती. तेराव्या मिनिटाला हिशेबनिसांच्या फायलीवर, विक्रीवाल्यांच्या फोनवर आणि माझ्या स्वतःच्या जावक वहीवर हिरवट पाणी पसरलं. दुसऱ्या दिवसापासून मी 'वाटी मिळाल्यापासून दहा मिनिटांत संपवावी' अशी सूचना लावली. माझ्या विभागातल्या कारकून बाईंनी ती सुबक टंकून, चारही कोपऱ्यांना एकेक टाचणी मारून सगळीकडे डकवली. या बाईंना आम्ही टाचणीबाई म्हणतो. कुठलाही सुटा कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. माझ्याहून सात वर्षांनी लहान, कमालीच्या व्यवस्थित आणि कमी बोलणाऱ्या. त्यांच्या कमी बोलण्याला मी इतकी वर्षं आदर समजत होतो.

एवढ्यात मुख्य कार्यालयाचं दुसरं पत्र आलं: उपक्रमाचं यश उरलेल्या अन्नाच्या वजनावरून मोजलं जाईल. मी एक बादली काट्यावर ठेवली. पहिल्या आठवड्यात तिच्यात एकवीस किलो भरले. म्हणजे लोकांनी जवळजवळ सगळं मला परत केलं होतं.

साहेबांनी आकडा बघितला. "जून जवळ आला हो," एवढंच म्हणाले.

मग मला ती युक्ती सुचली. मी बादलीशेजारी एक वही ठेवली. ज्याला वाटी टाकायची त्याने खुशाल टाकावी, फक्त वहीत नाव, विभाग, टाकण्याचं कारण लिहावं आणि सही करावी. आमच्या ऑफिसचा माणूस एक वेळ विष खाईल, पण कारण लिहून खाली सही करणार नाही. पुढच्या आठवड्यात बादलीत शून्य. त्याच्या पुढच्या आठवड्यातही शून्य. वही कोरी करकरीत.

मी आलेख काढला. एकवीसवरून निघालेली रेघ धाडकन खाली येऊन तळाशी सरळ धावत होती. इतकी देखणी रेघ मी जन्मात काढली नव्हती. लोक जिन्यात भेटले की म्हणायचे, "मूग झकास होते हं आज." साहेबही म्हणायचे, "छान, हलकं वाटतं." मलाही हलकं वाटत होतं. माझी पँट सैल झाली होती, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. अधूनमधून दुपारी कुठूनतरी कोंबडा आरवल्याचा आवाज यायचा. कोणीतरी मोबाइलला तसला बाष्कळ आवाज लावलाय असं समजून मी त्याविरुद्ध नोटीस काढली. टाचणीबाईंनी तीही टंकली, चार टाचण्या मारून लावली, आणि चेहऱ्यावरची एक रेघ हलू दिली नाही. त्या बाईंचं मला अजून कौतुक वाटतं, आणि संतापही येतो.

सलग नऊ आठवडे शून्य आल्यावर मुख्य कार्यालय हललं. तिथल्या एक मोठ्या मॅडम स्वतः बघायला येणार असल्याचं कळवलं गेलं. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. सव्वीस वर्षांत तो हात पहिल्यांदाच तिथे आला होता. घरी बायकोने माझा कोट प्रेसला दिला.

मॅडम बरोबर चारला आल्या. वाट्या वाटल्या गेल्या. सगळ्यांनी हसतमुखाने हातात घेतल्या. मी आलेख दाखवत होतो आणि मॅडम माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

"ही मंडळी कुठे निघाली?"

मी वळलो. सगळं ऑफिस वाट्या हातात घेऊन, अगदी शिस्तीत, मागच्या जिन्याने खाली चाललं होतं. नऊ आठवडे चार वाजता मी बादलीसमोर बसून शून्य लिहीत होतो. मागच्या जिन्याकडे माझी पाठ असायची.

"मोकळ्या हवेत खातात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"अरे वा! चला, बघू या," मॅडम म्हणाल्या.

मागच्या फाटकाबाहेर, वॉचमनच्या खोलीला लागून, जाळीच्या कुंपणात चाळीसेक कोंबड्या होत्या. इतक्या धष्टपुष्ट, इतक्या तुकतुकीत कोंबड्या मी पाहिलेल्या नाहीत. आमचे लोक रांगेने येत होते, जाळीवरून वाटी उपडी करत होते, मग वाटीही कुस्करून आत टाकत होते. कोंबड्या कोंडा जास्त आवडीने खात होत्या. रांगेच्या दुसऱ्या टोकाला मावशी बसल्या होत्या. फाटकाजवळ तेल तापवायला बंदी म्हणून त्यांनी कढई सोडून पातेलं घेतलं होतं. पातेल्यात त्याच कोंबड्यांची अंडी उकडत होती. अर्धं चिरलेलं अंडं, मीठ, मिरपूड आणि पावाचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर पडत होता. अंडं न खाणाऱ्यांसाठी काकडी वेगळी कापलेली होती.

तेवढ्यात मला खिळ्याला टांगलेली वही दिसली.

तारीख, विभाग, नाव, वाट्या, सही. प्रत्येक पानाला टाचणी, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर माझ्या विभागाचा शिक्का. मुगांवर 'जावक', अंड्यांवर 'आवक'. माझा शिक्का! माझ्या टेबलाच्या खणातला! पान उलटलं, तर दुसऱ्याच ओळीत होतं: 'साहेब, एक वाटी, मार्फत शिपाई, रोज.' मी साहेबांकडे बघितलं. साहेब आकाशाकडे बघत होते. मी नावं मोजली. त्र्याऐंशी भरली. चौऱ्याऐंशीतलं कुठलं नाव नव्हतं, हे सांगायला नको.

मॅडमनी तोवर अर्धं अंडं तोंडात टाकलं होतं आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी हात पुढे केला होता. "कमाल आहे!" त्या म्हणाल्या. "ना वाहतूक, ना वेष्टण, ना कचरा. ताजं, पौष्टिक, दारातलं. आम्ही तीन वर्षं अहवालांत जे नुसतं लिहितोय, ते तुम्ही करून दाखवलंत. कोणाची कल्पना ही?"

"आमचे अध्यक्ष!" साहेब आकाशातून ताबडतोब खाली आले.

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. खोटं कशाला सांगू, माझी मान उभी हलायला लागली होती. खुर्ची एका होकारावर आली होती. कोणाचं काय जाणार होतं?

मावशींनी माझ्याकडे बघितलं. ज्यांना मी जिन्याखालून उठवलं, त्या मावशींनी. पातेल्यावर झाकण ठेवत मॅडमना म्हणाल्या, "हो हो, भाऊंनीच सुचवलं सगळं. फार लक्ष असतं त्यांचं."

त्यांना माझी कीव आली होती. साहेबांनी फसवलं ते मी गिळलं असतं, त्र्याऐंशी जणांनी फसवलं तेही गिळलं असतं. पण ती कीव काही केल्या घशाखाली उतरेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग भयंकर राग आला, कोणाचा ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"नाही मॅडम," मी ओरडलोच. "कल्पना या मावशींची आणि वॉचमनची. माझी कल्पना ती बघा, समोर कोंबड्या खातायत."

मॅडम हसायला लागल्या, त्यांच्यामागे रांग हसली, आणि सगळ्यांत शेवटी, अंदाज घेऊन, साहेब हसले. हसू ओसरल्यावर मॅडमनी वही खिळ्यावरून काढली, पानं चाळली आणि विचारलं, "ही इतकी नेटकी वही कोण ठेवतं?" टाचणीबाई एक पाऊल पुढे आल्या.

मावशी आता परत जिन्याखाली बसतात, पातेलं घेऊन. मॅडमनी लेखी आदेशच काढला, आणि त्यावर 'आवक'चा शिक्का मी स्वतःच्या हाताने मारला, अगदी सरळ. वॉचमनच्या कोंबड्या कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या रकान्यात गेल्या आहेत. जूनमध्ये अधीक्षकही झाले. म्हणजे झाल्या, टाचणीबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं, बसायला सांगितलं, आणि एकदाच, खाली बघत, "माफ करा हं," असं म्हणाल्या. मी माफ केलं, कारण न करून काय करणार?

मॅडम येऊन गेल्या त्या संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं होतं. कोट खुंटीला लावला. नव्या चादरींचं ती काही बोलली नाही.

"मग ते मूग कोणीच खाल्ले नाहीत म्हणता?"

"खाल्ले ना. मी खात होतो."

"रोज?"

"रोज. वाटीसकट."

"अहो, पण का?" तिचा आवाज चढला. "तुम्हाला तर मूग मुळीच आवडत नाहीत!"

"असं काय करतेस?" मी म्हणालो. "अध्यक्ष होतो ना मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हसेल, आणि हसली असती तर मी चिडलोच असतो. पण ती हसली नाही. उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "किती हो वाळलात."